घरच्या कॉम्प्युटरचा आवाज वारंवार जात असेल, तर आधी हिरव्या पट्ट्या बघा

आवाज एकदा गेला आणि गेला तो गेलाच, तर शोधायला सोपं जातं. पिच्छा पुरवतो तो आज जाणारा, उद्या येणारा आणि परवा पुन्हा गुल होणारा आवाज. आपण काहीतरी खटपट करतो, आवाज परततो, आपल्याला वाटतं जमलं. चार दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आमच्या घरी हे जवळजवळ दीड महिना चाललं होतं. त्यातून जे हाती लागलं ते सविस्तर लिहिते आहे. "हे करून बघा, ते करून बघा" अशा याद्या भरपूर मिळतात, पण आवाज नेमका कुठे अडलाय हे कसं ओळखायचं ते फारसं कुणी सांगत नाही.

आमच्याकडे काय होत होतं ते आधी सांगते. बाबा रोज सकाळी कॉम्प्युटरवर बातम्या ऐकतात. साधारण दर आठवड्याला त्यांची हाक यायची, "अगं, परत मुका झाला बघ कॉम्प्युटर!" मी जाऊन विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून (कॉम्प्युटरच्या सगळ्या साधनांची यादी) साउंड ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि साउंड चिप यांची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्रॅम, काढायचे, परत टाकायचे, आणि आवाज यायचा. पाच वेळा हे केलं. दर वेळी आवाज आल्यामुळे माझी खात्रीच झाली की ड्रायव्हर बिघडतोय. सहाव्या वेळी ठरवलं की कशालाही हात लावण्याआधी नुसतं बघायचं. बातम्या तशाच चालू ठेवल्या आणि साउंडची जुनी विंडो उघडली. स्पीकरच्या नावासमोरची पट्टी निपचित पडली होती आणि मॉनिटरच्या नावासमोरची हिरवी पट्टी वर-खाली होत होती. आवाज गेलाच नव्हता. तो मॉनिटरकडे चालला होता, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत.

"बाबा, काल रात्री कॉम्प्युटर बंद कसा केलात?"

"बंद नाही केला. ती मोठी फाइल उतरत होती ना, म्हणून फक्त मॉनिटरचं बटण दाबलं."

दीड महिन्याचं उत्तर त्या एका वाक्यात होतं. त्याच्याकडे पुन्हा येते. आधी त्या पट्ट्यांबद्दल, कारण तुमच्या घरचं कारण वेगळं असलं तरी सुरुवात इथूनच करायची आहे.

पट्ट्या कुठे दिसतात आणि काय सांगतात

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात एम एम एस वाय एस, मग टिंब, मग सी पी एल अशी अक्षरं इंग्रजीत टाईप करून एंटर करा. विंडोज १० असो की ११, तीच जुनी साउंड विंडो उघडते. (विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड असं जाऊन सगळ्यात खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' वर क्लिक केलं तरी इथेच पोचता.) पहिला टॅब 'प्लेबॅक'चा. तिथे आवाज बाहेर टाकू शकणारी सगळी साधनं एकाखाली एक दिसतात: स्पीकर, हेडफोन, मॉनिटर, ब्लूटूथ असलं तर तेही. प्रत्येकाच्या उजवीकडे एक उभी पट्टी असते. आता दुसरीकडे एखादं गाणं किंवा व्हिडिओ लावा आणि या खिडकीकडे बघत राहा.

तीनच गोष्टी होऊ शकतात. पट्टी भलत्याच नावासमोर हलेल, योग्य नावासमोर हलेल पण कानाला काही ऐकू येणार नाही, किंवा कुठलीच पट्टी हलणार नाही. या तिन्हींची कारणं पूर्णपणे वेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. योग्य नावासमोर पट्टी हलत असेल, तर विंडोजने आपलं काम केलेलं आहे. मग ड्रायव्हर, सर्व्हिस, अपडेट यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बिघाड विंडोजच्या पुढे, म्हणजे प्लग, वायर, स्पीकर किंवा खुद्द साउंड चिपकडे शोधायचा. पट्टी हलतच नसेल, तर स्पीकरची वायर कितीही वेळा काढून लावली तरी फरक पडणार नाही. एवढ्या एका नजरेने निम्मा शोध संपतो.

एक काळजी घ्या. आवाज गेलेला असतानाच हे बघायचं. आधी रीस्टार्ट करून मग बघितलं तर पुरावा पुसला जातो.

पट्टी भलत्याच नावासमोर हलतेय

वारंवार जाणाऱ्या आवाजात हे कारण सगळ्यात जास्त सापडतं असं माझं मत झालं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या दोन्ही वायरींतून चित्राबरोबर आवाजही जातो. मॉनिटर जोडला की तो स्वतःची माहिती कॉम्प्युटरला कळवतो: माझा आकार एवढा, मला अमुक रिझोल्यूशन चालतं, आणि मला आवाज चालतो की नाही. पुष्कळ मॉनिटरना स्पीकर नसतात, पण मागे हेडफोन लावायला एक भोक असतं. तेवढ्यावर तो "चालतो" असं कळवतो. मग विंडोजच्या यादीत त्याचं नाव येतं, बहुधा एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल यांच्या ग्राफिक्सच्या ऑडिओखाली.

बाबा रात्री मॉनिटर त्याच्या बटणाने बंद करत. कॉम्प्युटर चालूच असल्यामुळे विंडोजला वाटायचं मॉनिटर काढून नेला. सकाळी बटण दाबलं की विंडोजच्या लेखी नवं साधन येऊन जोडलं जायचं, आणि आवाज त्याच्याकडे वळायचा. रोज असं होत नसे. ज्या रात्री कॉम्प्युटर चालू ठेवून फक्त मॉनिटर बंद केला, त्याच्या दुसऱ्या सकाळीच व्हायचं. माझ्या ड्रायव्हर काढून टाकण्याने आवाज का यायचा, तेही आता लक्षात आलं. ड्रायव्हर परत टाकल्यावर स्पीकर 'नवा' ठरायचा आणि आवाज पुन्हा त्याच्याकडे यायचा. उपाय चुकीचा, परिणाम बरोबर, म्हणून मी पाच वेळा फसले.

नुसतं स्पीकरवर राइट क्लिक करून 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट डिव्हाइस' केलं तर तेवढ्यापुरता आवाज येतो. पुन्हा जाऊ नये असं वाटत असेल, तर ज्या मॉनिटरमधून तुम्हाला कधीच आवाज ऐकायचा नाही त्याच्या नावावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. यादीतून ते नाव दिसेनासं होतं. घाबरू नका. रिकाम्या जागेत राइट क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस'वर खूण केली की ते फिकट रंगात परत दिसतं आणि हवं तेव्हा चालू करता येतं. आमच्याकडे एवढं केलं आणि दीड महिन्याचा त्रास थांबला. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर नव्याने टाकला की मात्र हे 'डिसेबल' पुसलं जाऊ शकतं. अपडेटनंतर लगेच पुन्हा आवाज गेला तर पहिल्यांदा इथेच यायचं.

मॉनिटरशिवाय आवाज पळवणारी मंडळी अजून आहेत. शेजारच्या खोलीत चालू राहिलेला ब्लूटूथ हेडफोन आपोआप जोडला जातो आणि आवाज तिकडे बारीक वाजत राहतो. स्क्रीन रेकॉर्ड करणारे किंवा मीटिंगचे काही प्रोग्रॅम स्वतःचं आभासी साधन यादीत घुसवतात आणि तेच मुख्य होऊन बसतं. आणखी एक फसवं प्रकरण: विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमसाठी आवाजाचं साधन वेगळं निवडता येतं. कधीतरी कुणीतरी ब्राउझरसाठी हेडफोन निवडून ठेवला, की नंतर मुख्य साधन बदललं तरी ब्राउझर आपला हेडफोनलाच चिकटून राहतो. बाकी सगळीकडे आवाज, फक्त एका प्रोग्रॅममध्ये शुकशुकाट, अशी तक्रार असेल तर सेटिंग्जमधल्या त्या मिक्सरच्या पानावर तळाला 'रीसेट' आहे, तो दाबा.

ब्लूटूथबद्दल एक गोष्ट स्वतंत्र सांगायला हवी, कारण माणसं हेडफोन खराब झाला म्हणून तो बदलायला निघतात. ब्लूटूथ हेडफोनची कामाची पद्धत दोन प्रकारची आहे. एकात छान स्टिरिओ आवाज येतो, पण माइक बंद. दुसऱ्यात माइक चालतो, पण आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो, कारण तिथे सेकंदाला ८ हजार किंवा १६ हजारच नमुने जातात. विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनची 'स्टिरिओ' आणि 'हँड्स-फ्री' अशी दोन नावं दिसतात ती यामुळे. कुठल्याही प्रोग्रॅमने माइक उघडला, अगदी मागे पडून राहिलेल्या मीटिंगच्या टॅबनेसुद्धा, की हेडफोन दुसऱ्या पद्धतीत जातो. गाणं एकदम किडकं वाजायला लागतं किंवा बंदच पडतं. उपाय साधा आहे: माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडून ठेवा, हेडफोनचा नको.

आवाज जात नाही पण एकदम खोल जातो, तोही फक्त कॉल आला की, अशी तक्रार असेल तर त्याच जुन्या साउंड विंडोत 'कम्युनिकेशन्स' नावाचा शेवटचा टॅब आहे. तिथे मुळातच "बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करा" हा पर्याय निवडलेला असतो. तो काढून 'डू नथिंग' करा.

पट्टी बरोबर हलतेय, तरी शांतता

इथे कॉम्प्युटर सोडून हाताने तपासायला लागा. सगळ्यात चांगली चाचणी अदलाबदलीची. स्पीकरची पिन काढून मोबाइलला किंवा दुसऱ्या कशाला लावा, आणि चालू असलेला एखादा हेडफोन कॉम्प्युटरला लावा. स्पीकर मोबाइलवरही मुका, तर दोष स्पीकरचा. हेडफोन कॉम्प्युटरवर बोलला, तरीही दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा. दोन मिनिटांत निकाल लागतो. स्पीकरचं स्वतःचं बटण आणि त्याचा वीजपुरवठाही बघा. काही छोटे स्पीकर आवाजाची पिन एका भोकात आणि विजेची पिन यूएसबीत अशा दोन वायरींचे असतात, आणि यूएसबीची निघाली तर ते गप्प बसतात.

डेस्कटॉपच्या मागे रंगीत भोकं असतात. पीसी ९९ या रचनेच्या मार्गदर्शिकेपासून रंग ठरलेले आहेत: पोपटी हिरवं स्पीकरसाठी, गुलाबी माइकसाठी, फिकट निळं बाहेरून आवाज आत घेण्यासाठी. टेबलाखाली वाकून अंधारात चाचपडत पिन लावली की ती हमखास निळ्यात जाते. टॉर्च घ्या आणि बघून लावा.

कॅबिनेटच्या पुढच्या भोकातून आवाज येत नाही पण मागून येतो, तर आतली वायर सैल आहे किंवा चुकीची लावली आहे. जुन्या कॅबिनेटमधून मदरबोर्डला (आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला) जाणाऱ्या या वायरीला दोन तोंडं असतात, एकावर 'एसी ९७' आणि दुसऱ्यावर 'एचडी ऑडिओ' लिहिलेलं असतं. एसी ९७ ही १९९७ ची पद्धत, तर एचडी ऑडिओ इंटेलने २००४ मध्ये आणलेली. गेल्या अनेक वर्षांच्या मदरबोर्डला एचडी ऑडिओचं तोंडच लागतं. दुसरं लावलं तर पुढे हेडफोन घातलाय की नाही हे कॉम्प्युटरला कळत नाही आणि आवाज मनाला येईल तसा इकडेतिकडे होतो.

आता जवळून बघण्यासारखी गोष्ट. तुमच्या हेडफोनची पिन हातात घेऊन तिच्यावरच्या काळ्या किंवा पांढऱ्या रेघा मोजा. दोन रेघा असतील तर तिचे भाग तीन: डावा, उजवा आणि जमीन, म्हणजे परतीची वाट. तीन रेघा असतील तर भाग चार, चौथा माइकचा. चार भागांची पिन फक्त स्पीकरसाठीच्या जुन्या भोकात घातली, किंवा पिन पूर्ण आत गेलीच नाही, तर जमिनीचा स्पर्श सुटतो. मग मजेशीर वाटणारा बिघाड होतो. गाणं वाजतं, तबला-पेटी ऐकू येते, पण गाणाऱ्याचा आवाज गायब! असं होतं कारण गायकाचा आवाज सहसा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो, आणि परतीची वाट तुटली की दोन बाजूंमधला फक्त फरक कानात येतो. सारखं असलेलं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं. बातम्या देणारा माणूस ऐकू येत नाही पण मागचं संगीत येतं, अशी तक्रार कुणी केली तर सेटिंग्ज उघडूच नका, पिन अर्धा मिलिमीटर बाहेर ओढून बघा.

लॅपटॉपवर उलटा प्रकार होतो. हेडफोन काढलेला आहे, पण पडद्यावर 'हेडफोन्स' असंच दिसतंय आणि लॅपटॉपचे स्पीकर गप्प. भोकात कचरा अडकला आहे किंवा आतली पत्ती दबून राहिली आहे. लॅपटॉप बंद करा, हेडफोनची पिन हलक्या हाताने पाच-दहा वेळा आत-बाहेर करा, मग डब्यातल्या दाबाच्या हवेने फुंकर मारा. टाचणी, सुई, सेफ्टी पिन घालू नका. आतल्या पत्त्या नाजूक असतात, वाकल्या की भोकच बदलावं लागतं.

एकही पट्टी हलत नाही

आधी किरकोळ गोष्टी झटपट उरका: म्यूटचं बटण, ब्राउझरच्या टॅबवर राइट क्लिक करून तो टॅब म्यूट केलाय का ते, आणि मिक्सरमध्ये त्या प्रोग्रॅमचा आवाज शून्यावर आहे का ते. एक वेगळा प्रोग्रॅम लावून बघा. दुसऱ्या प्रोग्रॅमने पट्टी हलली, तर दोष पहिल्या प्रोग्रॅमचा, विंडोजचा नाही.

त्यानंतर सर्व्हिसेस, म्हणजे विंडोजमध्ये मागे गुपचूप चालणारे प्रोग्रॅम. पुन्हा ती विंडोज आणि आर वाली चौकट उघडा आणि सर्व्हिसेस, टिंब, एम एस सी असं इंग्रजीत टाका. लांबलचक यादीत 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' ही दोन नावं शोधा. दोन्ही चालू हवीत आणि त्यांचा प्रकार 'ऑटोमॅटिक' हवा. एंडपॉइंट बिल्डरवर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' केलं की विंडोज ऑडिओही त्याच्याबरोबर नव्याने सुरू होतं, कारण ते त्याच्यावर अवलंबून आहे. एवढ्याने आवाज आला तर नोंद करून ठेवा. हार्डवेअर ठणठणीत आहे असं हे सांगतं.

नाही आला, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'खाली बघा. पिवळा त्रिकोण किंवा खाली वळलेला छोटा बाण असेल तर त्या नावावर दोनदा क्लिक करा, आत कोड नंबर लिहिलेला असतो. २२ म्हणजे ते साधन कुणीतरी बंद करून ठेवलंय. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण साधन सुरू होत नाहीये. अपडेटनंतर बिघडलं असेल तर 'ड्रायव्हर' टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण आधी बघा, ते फिकट नसेल तर जुना ड्रायव्हर अजून साठवलेला आहे.

मला इथे एक युक्ती फार उपयोगी पडते. 'अपडेट ड्रायव्हर', मग स्वतःच्या कॉम्प्युटरमधून शोधा, मग उपलब्ध यादीतून मी निवडतो, असं जाऊन रिअलटेक या साउंड चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' हा विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर निवडायचा. त्यात ध्वनीच्या खास सोयी नसतात, पण त्याने आवाज आला तर दोष कंपनीच्या ड्रायव्हरचा होता हे पक्कं होतं. काही घरांत हा साधा ड्रायव्हरच कायमचा ठेवणं बरं पडतं. कंपनीचा ड्रायव्हर हवाच असेल तर तो लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरूनच, आपल्या मॉडेलचा घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" असं सांगणारे प्रोग्रॅम टाकू नका, ही कळकळीची विनंती आहे. एका बिघाडाचे चार होतात.

यादीत साउंडचं नावच नसेल, तर डेस्कटॉपवर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) मदरबोर्डचा ऑडिओ बंद झालाय का ते बघा. इंटेलच्या नव्या लॅपटॉपवर साउंड चिप 'इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी'च्या मागे बसलेली असते. तो ड्रायव्हर पडला तर पुढची चिप विंडोजला दिसतच नाही, आणि 'अदर डिव्हायसेस'खाली 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' असं अनोळखी नाव उरतं. अशा वेळी रिअलटेकचा ड्रायव्हर दहादा टाकून उपयोग नाही, आधी इंटेलचा टाकावा लागतो.

"बंद करून चालू केला, तरी तसाच"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की याला वेगळी जागा देते. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तिच्यामुळे 'शट डाउन' केलं की विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवले जातात, आणि सकाळी तिथूनच उचलले जातात. म्हणजे रुसलेला ड्रायव्हर रुसलेलाच परत येतो. 'रीस्टार्ट' केलं तर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. आवाजाच्या बाबतीत बंद-चालू म्हणजे रीस्टार्ट, शट डाउन नव्हे. रीस्टार्टने हमखास आवाज येतो आणि शट डाउनने येत नाही असं दिसलं, तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. सुरू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतील, त्याचं काही नाही.

स्लीपमधून उठल्यावर आवाज जात असेल तर साउंड चिप झोपेतून पूर्ण उठलेली नसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिला 'डिसेबल' करून लगेच 'इनेबल' केलं की बहुतेक वेळा जागी होते, पण हा तात्पुरता इलाज. कायमचा इलाज नव्या बायोसमध्ये किंवा वेगळ्या ड्रायव्हरमध्ये असतो. यूएसबी हेडसेट असेल तर पॉवर ऑप्शन्समधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

एक वही

येता-जाता बिघडणाऱ्या वस्तूची नोंद ठेवल्याशिवाय कारण सापडत नाही. मी कॉम्प्युटरशेजारी एक छोटी वही ठेवली होती. तारीख, वेळ, त्याआधी काय केलं होतं, कुठली पट्टी हलत होती, आणि कशाने आवाज आला, एवढंच लिहायचं. "काय केलं" या रकान्यात मॉनिटर बंद केला, पाहुण्यांनी हेडफोन जोडला, अपडेट झालं, स्लीपमधून उठवला असं सगळं यायला हवं, आणि घरातल्या प्रत्येकाने लिहायला हवं. चार-पाच नोंदी झाल्या की सारखेपणा डोळ्यांत भरतो.

विंडोज स्वतःही अशी वही ठेवतं. स्टार्टच्या शोधात 'रिलायबिलिटी' असं इंग्रजीत टाका, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येईल. त्यात दिवसागणिक कुठला प्रोग्रॅम पडला, कुठलं अपडेट आलं ते दिसतं. आपल्या वहीतली तारीख आणि तिथली अपडेटची तारीख जुळली, तर विंडोज अपडेटच्या हिस्टरीत 'ड्रायव्हर अपडेट्स'खाली ऑडिओचं नाव आहे का ते बघा.

चिप मेली की काय, हे ठरवताना

मदरबोर्डची साउंड चिप गेली असा निकाल देण्याआधी एक चाचणी करा. पेनड्राइव्हवर उबुंटूसारखं लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली) घेऊन कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा, इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा आणि एखादा व्हिडिओ लावा. तिथे आवाज आला तर हार्डवेअर शंभर टक्के जिवंत आहे आणि सगळा दोष विंडोजच्या बाजूचा. तिथेही नाही आला, तर जुन्या डेस्कटॉपवर तो बऱ्यापैकी भरवशाचा पुरावा, पण अगदी नव्या लॅपटॉपवर नाही, कारण त्यांचे साउंड ड्रायव्हर लिनक्समध्ये कधी कधी उशिरा येतात.

रोज लिनक्सच वापरणाऱ्यांनी टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडून रकान्याखाली दोन एम दिसतात का ते बघावं. दिसले तर तो रकाना म्यूट आहे, एम दाबला की सुटतो. मॅकवर आवाज अडकला तर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये 'कोअरऑडिओडी' शोधून ते बंद करायचं, ते आपोआप पुन्हा सुरू होतं.

चिप खरंच गेलेली निघाली, तरी मदरबोर्ड बदलायची गरज नाही. अंगठ्याएवढं यूएसबी साउंड अ‍ॅडॉप्टर मिळतं, त्यात स्पीकरचं आणि माइकचं अशी दोन भोकं असतात, आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतं. ते लावल्यावर बायोसमध्ये जाऊन मदरबोर्डचा ऑडिओ बंद करा, म्हणजे अर्धमेली चिप पुन्हा मध्येच यादीत डोकं वर काढणार नाही. आणि अ‍ॅडॉप्टर कायम एकाच यूएसबी पोर्टात ठेवा. दुसऱ्या पोर्टात घातलं की विंडोज त्याला नावापुढे '२-' लावून नवं साधन समजतं, आणि आधी केलेली निवड त्याला लागू होत नाही. आमच्याकडे त्या पोर्टावर मी रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला आहे.